सुकाणूची गाठ

मिठबावकरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते मोजमापं घ्यायला. अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात कोकणातल्या जुन्या गलबतांचं प्रदर्शन भरायचं होतं. बोरीवली पश्चिमेला राहणारे एक निवृत्त गिरणी कामगार अनेक वर्षं अशा गलबतांच्या हुबेहूब लाकडी प्रतिकृती करत आहेत, असं कोणीतरी श्वेता मॅडमना सांगितलं होतं. मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांनी पत्र दिलं आणि बजावलं, "प्रबुद्ध, वस्तू पूर्ण हवी. अर्धवट काही उचलून आणू नकोस."

पुरातत्त्वात एम.ए. केल्यामुळे नोंदी ठेवायची मला सवय आहे. पुढे ज्या वेळा येतील त्या वहीतल्या आहेत. जिथे मला आठवत नाही, तिथे आठवत नाही असंच सांगेन.

सोमवार होता. वनमालाकाकूंनी दार उघडलं आणि माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "चपला आत घे. बाहेर ठेवल्यास तर एक परत मिळेल, दुसरी दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा नेईल."

बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर चंद्रप्रकाशकाका पडून होते. चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डावा हात तेवढा शिल्लक होता, आणि डोळे. पलंग असा मांडला होता की आतल्या लहान खोलीतलं टेबल त्यांना दारातून सरळ दिसावं.

त्या टेबलावर ते गलबत होतं.

मी मराठवाड्यातला. अठरा वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे जहाजांबद्दल मला जे काही येतं ते नकाशांतून आणि आराखड्यांतून. तरीही त्या प्रतिकृतीसमोर मी काही वेळ मोजपट्टी न उघडताच उभा राहिलो. लांबी अडीच हात. जुन्या खिडकीच्या सागातून काढलेल्या, चिपांएवढ्या पातळ फळ्या, कुकरच्या वाफेवर वाकवून फासळ्यांवर बसवलेल्या. दोरी सरकण्यासाठी गिरणीतल्या लाकडी बॉबिनच्या चकत्यांच्या कप्प्या. मांजरपाटाचं शीड, आणि त्याचे टाके इतके बारीक की मला भिंग काढावं लागलं. भिंतीवरच्या कपाटात आणखी पाच गलबतं होती.

सहाही गलबतांत एक गोष्ट सारखी होती. एकालाही सुकाणू नव्हतं. बसवण्याच्या खाचा होत्या, दोरी ओवायची भोकं होती, पण सुकाणू नाही. वहीत मी लिहिलं: 'सुकाणू गहाळ. बहुधा हाताळणीत निखळली असावीत.'

कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात सहा सुकाणू होती, प्रत्येकाला काथ्याची बारीक दोरी गुंडाळलेली. मला आनंदच झाला. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. टेबलावरच्या गलबताचं सुकाणू ओळखायला अडचण नव्हती. खाच तंतोतंत जुळत होती. चिमट्याने दोरी ओवली आणि गाठ मारली. जहाजी गाठी मला येत नाहीत. माझे वडील अंबादास बैलगाडीत कडबा आवळताना जी गाठ मारत, तीच मारली: दोन वेढे, आणि शेवट उलटा आत खोचलेला.

बाहेरून आवाज आला. काका डाव्या हाताने पलंगाच्या लाकडावर ठोकत होते. घशातून एक लांब, ओला आवाज निघत होता. मी दारात जाऊन हसलो. म्हटलं, "बसलं, काका. पूर्ण झालं तुमचं गलबत."

ते ठोकतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौदा महिने अडलेलं काम पुरं झालेलं पाहून माणसाला भरून येणारच, असं मला वाटलं. वहीत तशी नोंदही आहे. वेळ एक वाजून पाच मिनिटं.

काकू परतल्यावर मी निघालो. जिना उतरल्याचं आठवतं. कोपऱ्यावर रिक्षाला हात केल्याचं आठवतं.

त्यानंतरचं आठवत नाही.

"ओ साहेब, तिकिटाचे पैसे वाचवताय काय? होडी तिकडे लागते."

कोणीतरी हसत ओरडत होतं. मी गोराईच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभा होतो. पायाखाली गाळ, बाजूला तिवरांची मुळं, समोर पलीकडच्या काठावर पॅगोडाचा सोनेरी कळस उन्हात चमकत होता. अठराव्या वर्षी आईवडिलांबरोबर मी तिथे आलो होतो, तेव्हा होडीत बसायलाही घाबरलो होतो. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जिभेवर मीठ होतं. होडीवाल्याने हात देऊन वर ओढलं आणि विचारलं, "बरं वाटत नाही काय?"

ऊन लागलं असावं, असं मी त्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बोरीवलीला गेलो नाही. अंधेरीला ग्रंथालयात बसलो. सव्वादोनच्या सुमारास पुस्तकाच्या पानाला मासळीच्या तेलाचा वास येऊ लागला. समोरच्या मुलीला विचारलं. तिला वास येत नव्हता. मग खुर्ची अगदी सावकाश डावीकडे कलली आणि परत सरळ झाली... पुन्हा कलली... कुठेतरी लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज, दीर्घ, दमल्यासारखा.

शुद्धीवर आलो तेव्हा वेसाव्याच्या धक्क्याजवळ होतो आणि पाणी कमरेच्या वर होतं. दोन कोळणी माझ्या शर्टाला धरून मला मागे खेचत होत्या. मी त्यांच्याशी झटापट करत होतो, असं त्या म्हणाल्या. आणि सारखं एकच बोलत होतो, की माणसं चढली आहेत, मला जाऊ द्या.

घड्याळ बंद पडलं होतं. कोळणीला वेळ विचारली. तिने घड्याळ न बघताच उत्तर दिलं, "भरती पुरी झाली बघ आताच. तीन."

सोमवारी दोन दहा. मंगळवारी तीन. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो हिशेब मी त्या धक्क्यावर ओल्या कपड्यांत बसून केला, आणि उत्तर आल्यावर पहिल्यांदा मला भीती वाटली.

बुधवारी दुपारी अडीचला मी मिठबावकरांच्या दारात होतो. काकूंनी माझा चेहरा पाहिला. पाण्याचा तांब्या आणला. मी घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"सुकाणू कुणी बांधलं?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता.

"मी. डब्यात होतं ते."

"तू बांधलंस." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "मेल्या, एवढं शिकलास, तर विचारायचंस तरी... ह्यांना बोलता येत नाही, मला येत होतं ना."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. काकांचे आजोबा गलबतं बांधणारे सुतार. त्यांच्याकडे एक रीत होती. गलबत किनाऱ्यावर बांधून पुरं करायचं, पण सुकाणू बांधायचं नाही. ते पाण्यात बांधायचं, खलाशी चढल्यावर, आणि तांडेलाने, म्हणजे गलबत चालवणाऱ्या मुख्य खलाशाने, स्वतःच्या हाताने. कारण जो सुकाणू बांधतो तो त्या गलबताचा तांडेल. गलबत दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

"आजोबांच्या वेळेला एकाने मस्करीत बांधलं होतं. वाळूवर उभं होतं गलबत. पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात सापडला. दुसऱ्या दिवशी छातीभर."

"आणि तिसऱ्या?"

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पण ही प्रतिकृती आहे, काकू. अडीच हातांची."

"तुला काल पाण्यात कोणी नेलं, रे?"

मी म्हणालो की सोडून टाकतो, आत्ताच सोडतो गाठ. त्यांनी माझं मनगट पकडलं. "सोडून काय होतंय? तांडेल ठरला तो ठरला. त्याच्या जागी दुसऱ्याने बांधायला लागतं."

तीन वाजून दहा मिनिटांनी काकूंनी दाराला कडी लावली, वर कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. खिडक्या मीच बंद केल्या. उकडत होतं, तरी पंखा बंद केला, कारण आतल्या खोलीतलं शीड हलत होतं आणि ते पंख्याने हलत असावं अशी माझी आशा होती.

पंखा थांबला. शीड हललं, फुगलं, आणि फुगलेलंच राहिलं.

सोमवारी मी गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, भिंतीकडे केली होती. आता ती दाराकडे होती, माझ्याकडे. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकलो. टेबलावर लाकूड घासलं गेल्याचा आवाज झाला. पुन्हा पाहिलं तेव्हा नाळ माझ्याच दिशेला होती.

मग फरशीखालून पाणी आपटल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. त्या आवाजाच्या आत माणसांचे आवाज होते, दुरून आल्यासारखे, दमलेले, पण रागावलेले नव्हते. ती माणसं वाट बघत होती. सर्वांत भयंकर हेच, की त्यांना ताटकळत ठेवल्याची मला लाज वाटू लागली. माझे पाय दाराकडे वळले. मी वळवले नव्हते. काकूंनी मला मागून मिठी घातली, त्या लहानखुऱ्या बाईने सगळा भार टाकून मला खाली बसवलं आणि जुन्या ओढणीने माझे हात पलंगाच्या पायाला बांधले.

"बस... बस, बाळा. सुकाणू मी बांधते."

पलंगावर जोरात थाप पडली. काकांनी डावा हात पसरला होता. बोट टेबलाकडे, मग स्वतःच्या छातीकडे.

"नाही," काकू म्हणाल्या.

पुन्हा थाप. टेबलाकडे. छातीकडे.

"मी करते म्हटलं की नको. जन्मभर हेच. साधा नारळसुद्धा फोडू दिला नाही मला..." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. पण त्या उठल्या. गलबत उचलून आणलं, दोन्ही हातांनी, भरलेली घागर आणावी तसं वाकून, आणि नवऱ्याच्या पोटावर ठेवलं.

मला थांबवता आलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. माझे हात बांधलेले होते. पण तोंड मोकळं होतं, आणि मी 'नको' म्हणालो नाही. ही नोंदही प्रामाणिकपणे करायला हवी.

काकांनी माझी गाठ दातांनी सोडली. वेळ लागला. सुकाणू हनुवटीखाली दाबून धरलं, एक टोक दातांत आणि दुसरं डाव्या हातात घेऊन नवी गाठ मारली. चपटी, सैल, लाळेने ओली. दोरीवर दातांचे व्रण उमटले.

ती आवळली गेली त्या क्षणी माझे पाय पुन्हा माझे झाले. शीड पडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्याला किनाऱ्यावर सोडून जाताना पाहावं तसं, आणि काकूंचा हात हातात घेतला. त्यांचा श्वास लांबत गेला, लाटेसारखा, आणि एका लाटेनंतर दुसरी आली नाही. तीन बावन्न.

अंगावरची चादर सारखी करताना काकू थबकल्या. चौदा महिने जमिनीला न लागलेल्या त्या पावलांच्या बोटांमध्ये ओला, करडा गाळ होता. त्यांनी फडकं भिजवलं आणि एकेक बोट पुसून काढलं.

"हे वहीत लिहू नकोस," त्या म्हणाल्या. तेव्हा लिहिलं नाही. आज लिहितो आहे.

तेरा दिवस झाल्यावर काकूंनीच गलबत नेऊ दिलं. "घरात नको. पण दोरीला हात लावायचा नाही. कुणीच." मी काचेची पेटी करून घेतली, चारही स्क्रूंवर लाख ओतली आणि गाठीचे जवळून फोटो काढले. दातांचे व्रण त्यांत स्पष्ट दिसतात. श्वेता मॅडमनी प्रतिकृतीचं कौतुक केलं. गाठ तेवढी ओबडधोबड आहे, बदलता आली असती, असं म्हणाल्या. मी म्हणालो, नको.

या गोष्टीला सात महिने झाले. मी आता मुलुंडला राहतो. काल प्रदर्शन आवरायला अंधेरीला गेलो होतो. पेटी जागेवर होती, लाख कुठेही तडकलेली नव्हती. मी भिंग काढलं आणि फोटो शेजारी धरला.

सुकाणूच्या दोरीवर दातांचे व्रण नव्हते. गाठ घट्ट होती, नीटस. दोन वेढे, आणि शेवट उलटा आत खोचलेला.

मुलुंडच्या पूर्वेलाही खाडी आहे. आजची भरती चार वाजून वीस मिनिटांनी आहे. हे मी कुठेही पाहिलेलं नाही.