जांभळ्या पाठीचं झाड

ती रोपवाटिकेचं दार लावणार, तेवढ्यात तो आत घुसला. छातीशी कुंडी कवटाळलेली, जणू तापाने फणफणलेलं मूलच!

“हिला वाचवा... प्लीज.”

कुंडीतल्या झाडाने पार मान टाकली होती. वरून हिरवी, पाठीवर जांभळी पानं ओल्या फडक्यासारखी कडेवरून लोंबत होती.

तो पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला. आईचं ऑपरेशन झालं होतं. रविवारी ती घरी येणार होती. “आणि आल्या आल्या माझ्याआधी हिच्याकडे बघेल,” तो म्हणाला.

“पाणी घातलं नाहीत?”

“घातलं हो! खतही घातलं. जरा... जास्तच. काळजीपोटी.”

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी हातात होती, पण रोपवाटिका होती मावशीची, आणि मावशी नेमकी परगावी. चुकलं तर सांभाळून घ्यायला कुणी नव्हतं.

तिने पानाच्या पाठीची पातळ साल सोलून साध्या पाण्याच्या थेंबात, कॉलेजपासून जपलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. “बघा.”

“विटाच विटा... सगळ्या जांभळ्या!”

“त्या पेशी. जांभळं दिसतंय ते पाणी, आतल्या पिशवीतलं. आता कुंडीतून गळलेलं पाणी त्यावर टाकते.”

थेंब पडला. थोड्या वेळाने तो दचकला. “अहो, आकसतंय! भिंती तशाच आहेत, आतलं जांभळं मात्र गोळा होतंय!”

“खताच्या खारेपणाने पाणी बाहेर ओढलं. पिशवी भरलेली असली की भिंतीला आतून रेटून धरते, म्हणून पान ताठ राहतं. नुसत्या भिंतीच्या जिवावर ते उभं राहत नाही.”

मग तिने साधं पाणी टाकलं. जांभळा रंग हळूहळू पसरत पुन्हा भिंतींना जाऊन टेकला. तो श्वास रोखून बघत होता... आणि ती त्याच्याकडे. त्याने मान वर केली तशी तिने घाईघाईने काच पुसायला घेतली. पुसलेलीच काच.

“म्हणजे वाचेल?”

“सांगता येत नाही,” ती खरं तेच बोलली.

दोघांनी मिळून माती धुतली. कुंडीतून स्वच्छ पाणी गळेपर्यंत. झाड सावलीत ठेवलं. तो रोज संध्याकाळी यायचा. “पेशंट कसा आहे?” “पेशंट बरा, नातेवाईकच घाबरट!” ती हसायची, पण तो गेला की पानं पुन्हा पुन्हा चाचपायची.

शनिवारी दोन फांद्या कुजल्या. शेल्फवर अगदी तसंच झाड होतं, टवटवीत. गुपचूप बदललं असतं तर कळलंही नसतं. तिचा हात पुढे झाला... आणि मागे आला. तिने फांद्या कापल्या आणि तो आल्यावर सगळं सांगून टाकलं.

“एकच फांदी वाचलीय. हवं तर ते शेल्फवरचं न्या. आई ओळखणार नाहीत.”

त्याने शेल्फकडे नजर टाकली, मग आपल्या कुंडीकडे.

“मी ओळखेन ना,” तो हळूच म्हणाला. उरलेली फांदी ताठ उभी होती. त्याने कुंडी उचलली आणि गेला. ‘येतो’ म्हणायचंही विसरला.

रविवार तिला खायला उठला. झाड बरं झालं. आता तो कशाला येईल? दाराची घंटा वाजली की ती धावायची, आणि समोर भलतंच गिऱ्हाईक!

अंधारायला आलं तेव्हा तो आला. रिकाम्या हातांनी. तिच्या काळजात धस्स झालं. “कुंडी?”

“आईच्या उशाशी. आईने विचारलं, फांद्या कुणी कापल्या? म्हणाली, हात धीराचा आहे.”

“मग... तुम्ही आता?”

“दिवसभर कारण शोधत होतो इथे यायला. एकही सापडेना.” त्याने चष्मा काढला, उगाच पुसला. “मग म्हटलं, खरं ते सांगावं. तुमच्यासाठी आलोय.”

“तुम्ही असेच...” ती अडखळली. कानशिलं तापली, पण नजर हलली नाही. “तू असाच येत जा.”