ओवाळणीतली गाडी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ज्याला थापा वाटतील त्याने खुशाल मीरा रोडला यावं. पूनम सागरमध्ये आमच्या बिल्डिंगखाली एक राखाडी डिझेल स्टेशन वॅगन उभी असते. तिच्यात एक संध्याकाळ एकट्याने बसून दाखवावं.

मी नाही बसणार बाबा. मला पोरंबाळं आहेत.

गाडी माझ्या वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीची. ती रुखवत करते. सुपारीची नवरा-नवरी, साखरेचं तुळशी वृंदावन, मोत्यांची पालखी, असलं सगळं. नवरा गेला तेव्हा तिची सान्वी शाळेत होती. सासरच्यांनी पाठ फिरवली. तेव्हा उभा राहिला तो तिचा धाकटा भाऊ निहार. तो भाईंदर वेस्टला राहतो.

"ताई, मी आहे ना," एवढंच तो म्हणायचा. त्या चार शब्दांवर ही बाई उभी राहिली.

तर गेल्या वर्षीची भाऊबीज. संध्याकाळची वेळ. मृणालिनीने निहारला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मी समोरच होते, फराळाचं ताट द्यायला गेले होते.

निहारने खिशातून किल्ली काढली आणि ताटात ठेवली.

"हे काय रे?"

"ओवाळणी. माझी गाडी. आता तुझी. रिक्षात तुझी वृंदावनं फुटतात ना सारखी?"

मृणालिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही. असा भाऊ सात जन्म मागून मिळत नाही, असं मी माझ्या तोंडाने बोलले.

जळो ते तोंड.

कारण एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. निहारने पाण्याला हात लावला नाही. फराळ तसाच टाकला. खाली उतरल्यावर गाडीपासून लांब, पार पलीकडच्या भिंतीच्या कडेने गेला आणि रिक्षात बसला.

एकदाही मागे वळून बघितलं नाही.

गाडी मात्र कामाची निघाली. जुनी होती, पण दणकट. मागची सीट आडवी केली की अख्खं रुखवत मावायचं. डिझेलवर पळते म्हणून खर्चही बेताचा. मृणालिनी आठवडाभरात सराईतासारखी चालवायला लागली.

आता या जुन्या डिझेल गाड्यांचं एक असतं. किल्ली फिरवली की लगेच स्टार्ट नाही मारायचा. समोर हीटरचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं. मग स्टार्टर.

तेवढे दोन-चार क्षण गाडी अगदी गप्प असते.

पहिल्यांदा गेलं ते पाणी.

मागे एक मोठी बाटली असायची, सान्वीच्या क्लासला जाताना भरलेली. परत येईपर्यंत रिकामी. झाकण घट्ट. खालचं कार्पेट कोरडं. मृणालिनीला वाटलं, पोरगी पिते. सान्वीला वाटलं, आई पिते.

मग सीट.

रोज संध्याकाळी ती मागची सीट उभी करून यायची. सकाळी बघावं तर... आडवी. कुणाला तरी झोपवायला करावी तशी, पूर्ण आडवी.

गॅरेजवाल्याने खटका बदलून दिला. "मॅडम, पुरानी गाडी है, होता है," म्हणून हसला.

दुसऱ्या दिवशी... सीट आडवी.

आणि मग एकदा, टळटळीत दुपारी, किल्ली फिरवून ती पिवळा दिवा विझायची वाट बघत होती. काचा बंद. सगळीकडे शांत.

मागून आवाज आला.

घट... घट... घट...

कुणीतरी खूप तहानेलं माणूस पाणी पितं ना, तसा.

मृणालिनीने आरशात बघितलं. कुणी नाही. बाटली मात्र हलत होती.

मी तिला म्हटलं, "अगं, निहारला सांग की!"

"नको गं. बिचाऱ्याने एवढ्या प्रेमाने दिली. त्याला काय वाटेल?"

भावाला वाईट वाटू नये म्हणून ही बाई भूत घेऊन फिरत होती. काय बोलणार अशा माणसाला?

मग वैशाखात मुर्ध्याचं, म्हणजे भाईंदर वेस्टच्या पुढच्या गावातलं, काम आलं. पाटलांकडे नातीचं लग्न. घर मोठं, जुनं मिठागरवाल्यांचं, आता दोन मजली बंगला. मृणालिनीने गाडी अंगणात लावली. ओटीवर घरातले म्हातारे बाळाराम पाटील खुर्ची टाकून बसले होते. नजर पार गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू.

ती मागचा दरवाजा उघडून पालखी बाहेर काढते तोच म्हातारा उठून उभा राहिला.

"आली क? केवरा उशीर ग बाय!"

मृणालिनीला वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. "हो काका, जरा ट्रॅफिक होता."

"तुला न्हाय म्हनत. ती मागं झोपलीय ना, तिला म्हनतो. उतरव तिला. आदी पानी दे. व्हट बग कसे सुकलेन..."

मृणालिनीच्या हातातली पालखी खाली पडली. मोती अंगणभर झाले.

सून हेमांगी धावत आली. म्हाताऱ्याला धरून बसवलं आणि हिच्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नको. त्यांना न्हाय दिसत. त्यांची भैन गेल्यापासून आसंच बोलतात."

"कोण बहीण?"

"शेवंती आत्या. शेजारच्या गावात, राईला दिलेली. दरवर्षी भाऊबीजेला ताट घेऊन चालत यायची. दोन भाऊबीजा झाल्या आता. त्या दिवशी सांजच्याला निघाली ती... आलीच न्हाय."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी मिठागरात सापडली. गाडीनं उडवली व्हती रस्त्यावर. पन ती व्हती आत, पार बांधावर. म्हंजे कुनीतरी उचलून गाडीत घातली नि तिथं नेऊन टाकली. डॉक्टर बोलला, लगेच न्हाय गेली. लय येळ जीव व्हता." हेमांगीने पदराने तोंड पुसलं. "व्हटांवर मीठ व्हतं, ताई. तहानेनं खाडीच्या पान्याला तोंड लावलं आसल."

मृणालिनीला बसायला काही सापडेना. ती ओटीच्या पायरीवरच टेकली.

"ताट सापडलं. निरांजन तेवढं न्हाय सापडलं. पितळेचं, बुडाला चीर गेलेलं. हे अजून इचारतात, शेवंतीचं निरांजन कुठं हाय म्हनून."

मृणालिनीने पालखीची भरपाई करून देते असं काहीतरी सांगितलं आणि निघाली. मुर्धा मागे पडल्यावर रस्त्याकडेला गाडी थांबवली.

तिला ती भाऊबीज आठवत होती, गाडी मिळाली त्याच्या आदल्या वर्षीची.

निहार सकाळी उत्तनला मित्राकडे गेला होता. उत्तनचा रस्ता मुर्ध्यावरूनच जातो. संध्याकाळी तिच्याकडे येताना उशीर झाला. गाडी ओलीचिंब. "सणाची धुऊन आणली," म्हणाला. टिळा लावताना त्याचं कपाळ थंडगार लागलं होतं.

आणि तिने त्याला ओवाळलं होतं. उदंड आयुष्य मागितलं होतं त्याच्यासाठी. त्याच संध्याकाळी. तिकडे ती म्हातारी बांधावर...

मृणालिनीने मागचं कार्पेट उचललं. स्टेपनीचं झाकण काढलं. चाकाखाली हात घातला.

हाताला काहीतरी गार लागलं.

पितळेचं निरांजन. बुडाला चीर.

तिथून ती थेट भाईंदर वेस्टला गेली. निरांजन पर्समध्ये. निहार घरीच होता, त्याची बायको ममता स्वयंपाकघरात. मृणालिनी सोफ्यावर बसली. अजूनही तिला वाटत होतं, काहीतरी दुसरं निघेल. भाऊ आहे आपला.

ती एवढंच म्हणाली, "निहार, गाडीत जरा प्रॉब्लेम आहे रे."

निहारचा चेहरा उतरला.

"पाणी?" त्याने विचारलं.

बस्स. तिने पाण्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

मृणालिनी मला सांगत होती, "त्या एका शब्दाने गं... भूत परवडलं, पण तो शब्द नको."

ममता बाहेर आली. तिला राहवलं नाही. "ताई, आम्ही तरी काय करणार होतो? दोनदा विकली. दोन्ही वेळा लोकांनी आणून परत लावली. मग एका बाबांनी सांगितलं, विकू नका. बहिणीच्या ताटात टाका. ओवाळणीत पडलं ते बहिणीचं झालं, परत येत नाही."

मृणालिनीने किल्ली टीपॉयवर ठेवली. दोघंही मागे सरकले. पाल पडल्यावर सरकतात तसे.

"ताटातलं परत घेत नाहीत, ताई," निहार खाली मान घालून म्हणाला.

"माझी सान्वी त्या गाडीत बसते रे! एकटी, मागे! तुला माहीत होतं!"

"तिला काही नाही करत ती," निहार पुटपुटला. "फक्त पाणी पिते."

ऐकलंत? फक्त पाणी पिते म्हणे! सख्खी भाची आणि हा मेला हिशेब सांगतोय भुताचा!

मृणालिनीने निरांजन काढून त्याच्यापुढे धरलं. "हिला तेव्हा पाणी का नाही दिलंस? एवढंच सांग."

निहार रडायला लागला. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

किल्ली उचलून, निरांजन उचलून, मृणालिनी त्याच गाडीतून परत आली. दुसऱ्याच्या गळ्यात मारावी तर ती आणि निहार यांच्यात फरक काय? तेव्हापासून सान्वीला तिने गाडीत बसू दिलं नाही. स्वतः मात्र चालवत राहिली. मागे रोज भरलेली बाटली ठेवायची. माणूस तहानेलं आहे, म्हणायची.

मी सांगून दमले. "पोलिसांत जा. नाहीतर पाटलांना तरी सांग."

"एकच भाऊ आहे गं मला," ती म्हणायची.

मग आली यंदाची भाऊबीज.

मृणालिनी निहारकडे गेली नाही. त्यालाही बोलावलं नाही. दिवस मावळला तशी ताट घेऊन गच्चीवर गेली. मी मागोमाग. उत्तनच्या बाजूला बीजेची बारीक कोर दिसत होती. तिने शेवंतीचं निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं.

ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. आपल्याकडे हे लहान पोरींनाही माहीत असतं. आणि भाऊच नाही, तर त्याची ओवाळणी तरी कुठली? माझ्या अंगावर काटा आला, पण मी अडवलं नाही.

निरांजन अजून विझलं नव्हतं, तेवढ्यात फोन वाजला. निहार. तिने स्पीकरवर टाकला.

"ताई... ओवाळायला आली नाहीस?"

"ओवाळलं मी."

"कुणाला?"

"चंद्राला."



मग तो घाईघाईने बोलायला लागला. "ताई, असं नको करू. मी येतो, मला ओवाळ. आत्ताच्या आत्ता. तू आत्ताच ओवाळलंस ना? आत्ताच इथे..."

त्याच्या आवाजामागे काहीतरी ऐकू येत होतं. आम्हा दोघींनाही.

घट... घट... घट...

"निहार, पाणी कोण पितंय तिथे?"

"कुणी नाही गं," निहार रडत म्हणाला. "ममता माहेरी गेलीय. मी एकटाच आहे."

मृणालिनीने डोळे मिटले. "मुर्ध्याला जा. तिथे एक म्हातारे ओटीवर बसलेत, बहिणीची वाट बघत. त्यांना सगळं सांग. मग ये. मग ओवाळेन."

फोन कट झाला.

सकाळी आम्ही दोघी खाली गेलो. गाडीतली बाटली काठोकाठ भरलेली. सीट उभी. वर्षभरात पहिल्यांदा.

सुटलीस गं बाई, असं मी तिला म्हणणार होते.

तेवढ्यात ममताचा फोन आला. घर उघडं होतं. माठ, पिंप, फिल्टर, सगळं कोरडं ठणठणीत. निहार नव्हता. वॉचमन म्हणाला, काल संध्याकाळी अनवाणीच मुर्ध्याच्या रस्त्याने चालत गेले.

पाटलांकडे तो पोचला नाही. मृणालिनी स्वतः जाऊन विचारून आली. तेव्हा तिने निरांजन बाळारामकाकांच्या हातात दिलं आणि जे माहीत होतं ते सांगितलं. म्हातारा चिरेवरून बोट फिरवत बसला.

आता पोलिसही शोधतायत. आजतागायत निहारचा पत्ता नाही.

गाडी बरेच दिवस नीट होती. बाटली भरलेली, सीट उभी.

परवा मात्र मृणालिनी खाली गेली तर... सीट आडवी.

तिने पुढे बसून किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. गाडी गप्प झाली.

मागून आवाज आला. पाणी पिण्याचा नव्हता तो.

"ताई..."

एवढाच.

ती तशीच उतरून वर आली आणि माझ्या दारात बसून राहिली. रडली नाही, काही नाही. संध्याकाळ झाल्यावर उठली, बाटली भरली आणि खाली ठेवून आली.

तहानेलं माणूस म्हणून ठेवली की भाऊ म्हणून, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.