सव्वादहा घटका

हिमगर्भ वसाहतीच्या आरोग्यकक्षात डॉक्टर उदयन पेठकरांनी बाळाचा वजनकाटा तिसऱ्यांदा शून्यावर आणला आणि काट्याने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला. काट्यावर उताणी पडलेली सहा आठवड्यांची ठमी स्वतःची मूठ चोखत होती. तिचं वजन वाढत होतं, पण वाढायला हवं त्याहून बरंच कमी.

"दूध किती वेळा घेते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ प्रहर, आठ बाटल्या," ठमीची आई शाल्मली म्हणाली. "डब्यावर लिहिलंय तसं, दर तीन तासांनी."

गुरूच्या चंद्रावर, बर्फाखाली तीन किलोमीटर, जिथे सूर्य कधी दिसतच नाही, तिथे बर्फ खणणारी तीनशे माणसं प्रहरांवर जगत होती. वसाहतीच्या संस्थापकांना जुन्याची हौस दांडगी. त्यांनी तास मोडीत काढून दिवसाचे आठ प्रहर केले आणि प्रहराच्या बारा घटका. दर प्रहराला कालकेंद्रातून टोल पडे आणि भिंतीवरची, मनगटावरची सगळी घड्याळं त्याच्याशी जुळत. तीन तास म्हणजे एक प्रहर हे इतकं सोपं होतं, की कुणाला गणित करायचीही गरज पडली नव्हती. शाल्मलीला अंगावरचं दूध आलंच नाही. टोल पडला की खोलीतला दुग्धदाता भुकटी आणि कोमट पाणी घुसळून एक बाटली पुढे करी, आणि पुढच्या टोलपर्यंत त्याचं दार बंद.

शाल्मलीने पिशवीतून वही काढली. ती जलशुद्धी विभागात काम करायची. जे दिसेल ते टिपून ठेवायचं, ही तिथलीच खोड.

"पहिले दहा दिवस ही बरोबर टोलाला रडायची. मग पावणेबारा घटकांना. मग साडेअकरा, अकरा. आता आठवडाभर सव्वादहा. दर वेळी पावणेदोन घटका मी हिला खांद्यावर घेऊन येरझारा घालते, डॉक्टर. रडून रडून घसा बसतो हो हिचा."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उलटं चाललंय. बाळ वाढतं तसं दोन दुधांमधलं अंतरही वाढायला हवं. आतडी चिडलेली दिसतात. उद्यापासून शामक थेंब सुरू करू, म्हणजे टोलपर्यंत शांत झोपेल."

"भुकेल्या पोरीला झोपेचं औषध?"

"भूक नाही ती. सवय लागलीय."

"सहा आठवड्यांच्या जिवाला कसली आलीय सवय?"

डॉक्टर पेठकर तसे अहंकारी, पण विज्ञानाशी बेइमानी करणारे नव्हते. ते खुर्चीत मागे टेकले. "तेही खरंच. आपल्या मेंदूत एक देहघड्याळ असतं. दिवे, जेवणाच्या वेळा, माणसांची वर्दळ, यांवरून ते जुळतं. म्हणून जेवणाची घंटा झाली की आपल्याला भूक लागते. पण साधारण तीन महिन्यांपर्यंत बाळाचं हे घड्याळ सुरूच झालेलं नसतं."

"मग हिला वेळ कळते कशी?"

"पोटावरून. दूध जिरलं, पोट रिकामं झालं, की रडायचं."

"आणि दूध जिरायला लागणारा वेळ बदलतो?"

"वाढत्या वयात वाढेल. कमी होणार नाही."

शाल्मली वहीकडे बघत राहिली. एका बाजूला ठमी होती, दुसऱ्या बाजूला घड्याळ. दोघांपैकी कुणीतरी बदललं होतं. ठमी बदलू शकत नाही, असं डॉक्टरच म्हणत होते. थेंबांची चिठ्ठी तिथेच टेबलावर ठेवून तिने मुलीला उचललं आणि ती तडक वसाहतप्रमुख इरावती सामंतांच्या संपर्ककक्षाकडे निघाली. पृथ्वीशी बोलणारं एकमेव यंत्र तिथे होतं आणि कालकेंद्राची किल्लीही तिथेच.

"इरावतीताई, दिवस किती तासांचा आहे सध्या?" तिने दारातूनच विचारलं.

साठीच्या इरावतीताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कडेवरच्या मुलीकडे, मग पुढे केलेल्या वहीकडे. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं असेलही. पण त्या उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "बस जरा."

हकिगत लांबलचक नव्हती. महिन्यापूर्वी पृथ्वीवरून निरोप आला, की मालवाहू जहाज सात दिवस उशिरा येईल. कोठारात अन्न साठ दिवसांचं आणि जहाज सदुसष्ट दिवसांनी. दोन वर्षांपूर्वी शिधा कमी केल्याचं जाहीर केलं, तेव्हा माणसं कोठारावर चालून गेली होती आणि दोघांचा जीव गेला होता. या खेपेला इरावतीताईंनी शिधा कमी केला नाही, दिवस लांब केला. रोज थोडा थोडा, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. त्याच साठ दिवसांच्या अन्नात आता पृथ्वीचे सदुसष्ट दिवस निघणार होते.

"जहाज ठरल्या दिवशी आलं असंच सगळ्यांना वाटेल. माणसं घड्याळाकडे बघून जेवतात, झोपतात, थकतात. मला वाटलं, बाळही तसंच जेवत असेल." त्यांनी ठमीच्या पायाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "चुकले ग मी."

"ती महिनाभर उपाशी रडतेय, ताई. आणि मी तिला गप्प करतेय." शाल्मली म्हणाली. तिला संताप आला होता, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती. मुलगी गळा काढून खरी वेळ सांगत होती आणि आई भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास ठेवत होती.

त्याच दिवशी शाल्मलीच्या खोलीतल्या दुग्धदात्याचं दार मोकळं झालं. ठमी रडेल तेव्हा बाटली, दिवसाला नऊ, कधी दहा. बदल्यात शाल्मलीने जहाज येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. जहाज आलं की दिवस पुन्हा चोवीस तासांचा होणार होता, तोही हळूहळू, तीन आठवड्यांत.

"तसा केलात, हे मला कसं कळणार?"

"तुझ्याकडे साक्षीदार आहे ना," इरावतीताई म्हणाल्या.

पंधरवड्यात ठमीच्या गालांना गोलाई आली. डॉक्टरांनी काट्याचं कौतुक केलं. महिन्याभराने ते मनुष्यविरहित जहाज उतरलं, अगदी ठरल्या दिवशी. वसाहतीने श्रीखंडाची पाकिटं फोडली. इरावतीताईंनी छोटं भाषण केलं. दिवसागणिक निघणारा बर्फ सहाव्या हिश्श्याने वाढलाय, असंच काम चालू राहू दे, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

शाल्मलीने वही चालूच ठेवली. जहाजानंतर चारच दिवसांनी ठमी साडेदहा घटकांना रडली. मग अकरा. मग साडेअकरा. एकेक आकडा लिहिताना शाल्मलीच्या मनावरचा भार उतरत होता. बाई शब्दाला जागली होती. एकविसाव्या दिवशी टोल पडला, ठमीने डोळे उघडले आणि बाटली बघून बोळकं पसरून हसली. शाल्मलीने वहीत ठळक अक्षरांत 'बारा' लिहिलं. वाटेत इरावतीताई भेटल्या तेव्हा तिने वाकून नमस्कार केला. त्या फक्त म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि घाईने पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी आरोग्यकक्षात वजन झालं. ते उत्तम होतं.

"आता बाईसाहेब टोलाला जेवतात," शाल्मलीने अभिमानाने सांगितलं.

"जेवणारच," डॉक्टर ठमीच्या पोटाला गुदगुल्या करत म्हणाले. "तीन महिने उलटले. दूध आता जास्त वेळ पुरतं आणि देहघड्याळही लागलं. यापुढे ही आपल्यासारखीच. वसाहतीचं घड्याळ जे सांगेल, तेच हिचं पोट सांगणार."

शाल्मलीने वही उघडली. साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा. मग घड्याळ मागे आलं होतं, की मुलगी त्याच्यापर्यंत जाऊन पोचली होती? वहीतून दोन्ही सारखंच दिसत होतं. ठमी खुशीत हातपाय झाडत होती. तिच्याकडून आता काहीच कळणार नव्हतं.

घरी परतताना बोळाच्या वळणावर तिला रडणं ऐकू आलं. शेजारच्या लतिकाच्या खोलीतून. लतिका बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. दार उघडंच होतं. लतिका बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घालत होती.

"काय करू ग, टोल पडायच्या आधीच भोकाड पसरतो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "रोजचंच आहे. दुग्धदाता तर दार उघडत नाही."

शाल्मलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा घटका झाल्या होत्या.

तिने ठमीला लतिकाच्या पलंगावर ठेवलं, पिशवीतून वही काढली आणि कोरं पान उघडून लतिकापुढे धरलं.

"याला गप्प करू नकोस," ती म्हणाली. "दार उघडं ठेव आणि रडू दे. सगळ्या वसाहतीला ऐकू जाऊ दे. मी माझ्या दुग्धदात्यातून त्याचं दूध घेऊन येते."