कॅप्टनचं ठरलं

छावणीतल्या गाड्या धुण्याच्या उतारावर तिचा पाय सटकला, तेव्हा तिच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्यात प्रोजेक्टर. दोन्हींपैकी काय वाचवावं हे ठरेपर्यंत कुणीतरी तिला कोपराला धरून सरळ उभं केलंही होतं.

“लागलं का?”

“मला नाही.” तिनं खाली पाहिलं. ओल्या काँक्रीटवर सप्तरंगी तवंग पसरला होता. “हे डिझेल कुणाचं?”

“लष्कराचं.”

“मग ते टाकीत हवं. इथे काय करतंय?”

वर्दीतला तो उंच माणूस जरा विचारात पडला. “रजेवर असेल,” तो म्हणाला.

नव्या छावणीत पहिल्या दिवशी हसायचं नाही, असा तिचा नियम होता. एकदा हसलं की पुढे कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी ओठांनी तिचं ऐकलं नाही... आणि त्यानं ते पाहिलं.

तो वाहनांच्या वर्कशॉपचा प्रमुख, कॅप्टन. आणि ती जवानांना जे प्रशिक्षण द्यायला आली होती, त्याची सगळी व्यवस्था कर्नलसाहेबांनी नेमकी त्याच्याच गळ्यात मारली होती.

तिचं काम सांगायला सोपं आणि गळी उतरवायला अवघड. आपल्या रोजच्या कामानं हवेचं, पाण्याचं, मातीचं काय होतं ते आधी ओळखायचं. मग ते काम नीट करायची पद्धत बसवायची. आणि चुकलं तर पांघरूण न घालता सुधारायचं. याला पर्यावरण व्यवस्थापन म्हणतात, असं तिनं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन जवानांनी एकाच वेळी जांभई दिली.

कॅप्टन दाराशी हाताची घडी घालून उभा होता. “मॅडम, शत्रू दिसला की काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे. तेल सांडलं की काय करायचं?”

“त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा.”

“एवढंच?”

“आणि मग तोच भुसा उघड्यावर फेकायचा नाही. तिथेच सगळे हरतात.”

वर्ग हसला. त्या दिवसापासून जवान आपापसात तिला ‘भुसा मॅडम’ म्हणू लागले. तिला ते कळलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. ज्याला नाव ठेवलं जातं त्याचं निदान ऐकलं तरी जातं.

दुपारी दोघं छावणी पायी पालथी घालायची. कॅप्टन लांब टांगा टाकायचा, मग ती मागे राहिली हे लक्षात येऊन बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबायचा. नाडी सुटलेली नसायची. अशाच एका फेरीत तिनं त्याला नाला दाखवला. इंधनाच्या कोठाराशेजारून निघालेला, पावसाचं पाणी वाहून नेणारा तो नाला कुंपणाबाहेर थेट तळ्याला मिळत होता.

“गावाच्या नळाला याच तळ्याचं पाणी येतं,” ती म्हणाली. “माझी आत्या त्याच पाण्याचा चहा करते. मी तिच्याकडेच राहते.”

“म्हणजे इथे काही सांडलं तर—”

“तर आत्या मला घरात घेणार नाही.”

तो हसला नाही. नाल्याच्या तोंडाशी उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. “इथे लोखंडी झडप हवी. वरून खाली सोडली की पाणी बंद. भंगारातल्या पत्र्यातून होईल.” मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, “आत्याबाईंचा चहा बिघडवून चालायचं नाही. कधीतरी प्यायला यावं लागेल.”

“बोलावलं कुणी?”

“वाट पाहतोय... कुणीतरी बोलावेल याची.”

त्या संध्याकाळी आत्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “छावणीत पर्यावरण सुधारतंय, की तुझं काहीतरी बिघडतंय?” तिनं घाईघाईनं कपबशा विसळायला घेतल्या. आत्याला ते पुरलं.

झडप बसली. प्रशिक्षण संपत आलं. आणि एका सकाळी वर्गाकडे जाताना, कचेरीच्या उघड्या खिडकीतून कारकुनाचा आवाज तिच्या कानावर पडला. “कॅप्टनसाहेबांचं ठरलं. आईवडील शनिवारी येतायत.”

ठरलं. एवढासा शब्द. मनात आलं, बरोबरच आहे; आपल्याला कुणी काय वचन दिलं होतं? नाडी बांधायला थांबणं म्हणजे वचन थोडंच असतं... वर्गात येऊन तिनं फळा पुसला. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात भोंगा वाजला. कोठारात टँकर रिकामा होत असताना पाइपाचा जोड निसटला होता आणि डिझेल पाण्याबरोबर नाल्याकडे धावत होतं.

ती काही बोलायच्या आत वर्ग रिकामा झाला होता. जांभया देणारे ते दोघंच पुढे होते, खांद्यावर भुशाची पोती घेऊन. कुणी टँकरचा कॉक बंद केला, कुणी वाळूच्या गोण्या रचल्या. तरीही एक काळपट धार सुटून नाल्यात उतरलीच.

ती नाल्याच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा कॅप्टन सगळं वजन टाकून झडप दाबत होता. झडप अर्ध्यात अडली होती. “खाली काहीतरी आहे,” तो ओरडला. तिनं चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात उतरली. हाताला फांदी लागली. ओढली, निसटली, पुन्हा ओढली... फांदीसकट ती मागे बसली आणि झडप धाडकन खाली गेली.

मग दोघंही काठावर वाकून पलीकडचं पाणी पाहत राहिली. वास येतोय का? रंग दिसतोय का? थेंबांची वर्तुळं उठत होती, विरत होती. पाणी नितळ होतं.

“नाही गेलं,” तो म्हणाला.

“नाही गेलं,” ती म्हणाली, आणि इतका वेळ छातीत कोंडलेला श्वास सुटला. हसू आलं, डोळे भरले, पावसात काय काय वाहिलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

वर्कशॉपच्या छपराखाली त्यानं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. आता बोललेलं बरं, असं तिला वाटलं. “अभिनंदन. तुमचं ठरलं म्हणे.”

“कळलं तुम्हाला? कर्नलसाहेबांनी कालच होकार दिला. आता आसपासच्या सगळ्या छावण्यांत ही पद्धत बसवायचं काम माझ्याकडे. माझी होणारी बदलीही रद्द.”

ती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. “ते... ठरलं?”

“मग तुम्हाला काय वाटलं?”

“शनिवारी आईवडील येतायत ना?”

“येतायत.” त्यानं ओल्या केसांवरून हात फिरवला. “गेले काही दिवस फोनवर मी एकाच माणसाबद्दल बोलतोय. आई म्हणाली, नुसतं ऐकून कान दुखले, आता दाखव तरी. तुम्हाला विचारायचंच राहिलं... आधी झडप, मग हे डिझेल—”

“विचारा मग.”

“शनिवारी त्यांना भेटायला येशील?”

‘येशील.’ त्यालाही ते उशिरा ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. तिनं घोंगडी घट्ट ओढून घेतली. किती हलकं हलकं वाटत होतं.

“येईन,” ती म्हणाली. “पण घ्यायला तू ये.”