तड्यातला भुसा

"सासरचे आज संध्याकाळी मला घराबाहेर काढणार आहेत," दारातच ती म्हणाली. बस म्हटलं तरी बसेना.

गुप्तहेर भिंगरावांना तरी कुठे बसवत होतं! ते चपला घालूनच ऐकत होते. त्यांचे स्नेही मास्तर तेवढे चहा संपवायच्या मागे.

तिची हकिकत अशी: बागेतलं लाकडी बाक तिच्या सासऱ्यांखाली दुभंगलं आणि त्यांचा खुबा मोडला. आदल्या दिवशी सून तिथे सुताराची पटाशी घेऊन बसलेली नणंदेने पाहिली होती. झालं, खापर फुटलं!

"शेवाळ खरवडत होते हो! पण ऐकतो कोण?"

भिंगराव मास्तरांना घेऊन तडक तिच्या घरी गेले. बाकाची फळी लांबीच्या बाजूने फाटली होती. पटाशीचे ओरखडे वरवरचे होते. तडा आतून काळपट होता आणि त्यात काठोकाठ, दगडासारखं टणक काहीतरी भरलं होतं. रंग फळीशी हुबेहूब.

"तुम्ही भरलंत?" भिंगरावांनी नणंदेला विचारलं.

"छे! टेबलाची चीर बाजारचं भरण आणून बुजवली, ती अजून पांढरीफटक दिसते. पण पटाशी मी या डोळ्यांनी पाहिलीय."

नवरा पुटपुटला, "उन्हाळा फार कडक गेला. आता आठवडाभर नुसता पाऊस. मला बाकी काही माहीत नाही."

सासरे अंथरुणातूनच कडाडले, "बाक मी स्वतः केलंय! त्याचा भुसासुद्धा डब्यात जपलाय. आजवर साधा तडा नव्हता त्याला!"

भिंगराव खोलीत येरझारा घालू लागले. सुनेचा जीव टांगणीला लागला.

"ताजा तडा आतून उजळ असतो. हा काळा, म्हणजे जुना. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं, तडा रुंदावला, तेव्हा कुणीतरी तो गच्च भरला. पावसात लाकूड फुगलं. भरण दबेना. पाचर ठोकावी तशी त्यानेच फळी फाडली."

"पण भरलं कुणी?" मास्तरांची गाडी नेहमीप्रमाणे मागेच.

"बाजारचं भरण रंगात उठून दिसतं, मास्तर. हे दिसत नाही, कारण त्यात याच लाकडाचा भुसा आहे. आणि तो एकाच माणसाच्या डब्यात आहे."

सगळे म्हाताऱ्याकडे वळले. त्याचा चेहरा पडला.

"माझ्या हातच्या कामाला तडा... लोक हसले असते," तो म्हणाला. "पडलो तेव्हाच कळलं होतं मला. पण सांगायला जीभ रेटली नाही."

"स्वतःची मान ताठ राहावी म्हणून माझा गळा कापलात, बाबा?" सुनेने विचारलं.

नवरा पुढे झाला. "जाऊ दे, झालं गेलं विसर."

"विसरेन. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर माझी अब्रू गेली, ती मी मागत फिरणार नाही. बाबांनी परत करायची."

खिडकीखाली शेजारी उभेच होते. म्हाताऱ्याने डोळे मिटले, मग उघडले.

"खिडकी उघड," तो मुलाला म्हणाला.