बोलून घे, पुढं रेंज न्हाई

बस, संस्कृती. फोन करायला वर खिंडीत जायचं म्हणतेस, पण आत्ता नको. सकाळी जा. लाईट गेलीय, रस्त्याला एक दिवा नाही, आणि तुझ्यामागं चढ चढायचं त्राण आता माझ्यात नाही. ज्ञानेश्वर, ती सतरंजी इकडं सरकव जरा. गच्चीवर वारा तरी आहे. खाली नुसतं उकडतंय.

का नको, ते सांगतो. हसायचं असेल तर नंतर हसा.

प्रभुदास जीपवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. मी एसटीत कंडक्टर होतो तेव्हा त्याचे वडील, सहादेव, माझ्या गाडीनं रोज तालुक्याला, अकोल्याला, जायचे. पुढं मी रिटायर झालो आणि प्रभुदासच्या जीपनं माझं जाणं-येणं सुरू झालं. कमी बोलणारा माणूस. दारूचा थेंब नाही, रविवारी प्रार्थना चुकवायचा नाही. भुताखेताचं नाव काढलं तर म्हणायचा, "नाना, दिवसभर या घाटात गाडी मारली ना, तर भुतालाबी झोप लागंल." असा माणूस.

गेल्या वर्षीचा पोळा. शुक्रवार होता. प्रभुदासची बायको मरिया संगमनेरला दवाखान्यात होती. पहिलंच बाळंतपण. अंगावर सूज आली म्हणून दोन दिवस आधीच ठेवून घेतली होती. तिला आई नाही. म्हणून प्रभुदास आपल्या आईला, छबूबाईला, न्यायला वाडीकडं निघाला. रात्री आईला घेऊन परत फिरायचं, एवढंच काम. अकोल्यात डिझेल भरलं, आईला आवडतात म्हणून केळी घेतली आणि दिवेलागणीला निघाला. पाऊस होता, पण जोराचा नाही. आपल्याकडं श्रावणात लागतो तसा, कंटाळवाणा. रस्त्यात गावोगाव बैलांच्या मिरवणुका संपत आलेल्या. गुलाल भिजून चिखल झालेला.

आता इथं थांबून मागचं थोडं सांगायला पाहिजे.

अकोल्याकडून येताना खिंडीच्या अलीकडच्या वळणापर्यंत फोन लागतो. वळण घेतलं की संपलं. पार वाडी येईपर्यंत काही नाही, आणि वाडीतही नाहीच. त्यामुळं आपल्या वाडीची माणसं फोन करायला त्या वळणावरच जातात. आमची बनुबाईसुद्धा जायची. तिचा एकुलता एक पोरगा पुण्याला कंपनीत होता. दर रविवारी संध्याकाळी बनुबाई काठी टेकत वर जायची, दगडावर बसायची आणि पोराचा फोन यायची वाट बघायची. एका रविवारी बोलता बोलता आवाज गेला. पोरगा काहीतरी महत्त्वाचं सांगत होता म्हणे. ती उठली. फोन वर धरून एक पाऊल पुढं गेली. आवाज येईना. आणखी एक पाऊल. मग आणखी एक.

तिकडं दरी आहे.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. लोक विसरले. मीही विसरलो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात प्रभुदास रिकामी जीप घेऊन घाट चढत होता. सहादेवचा फोन आला. म्हातारा संगमनेरला मुलीकडं राहायला गेला होता, तिथून. काहीतरी जुनंपानं सांगत होता, भावकीतलं. वळण जवळ आलं, आणि लाईनीत मधेच एका बाईचा आवाज आला. "बोलून घे बाबा. पुढं रेंज न्हाई."

प्रभुदासला वाटलं, कंपनीनं नवीन सोय केलीय. फोन कट व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला सावध करतात. चांगलं आहे की! तो बापाला म्हणाला, "दादा, रेंज चाललीय, उद्या येतो तवा बोलू." आणि वळला.

सहादेव त्याच रात्री झोपेत गेला.

पुढं महिनाभरानं फाट्यावर सुनीलच्या हॉटेलात चहा पिताना प्रभुदासनं सहज विषय काढला. "ती कंपनीची बाई किती दमल्यावानी बोलती रे." सुनील म्हणाला, "कुठली बाई?" सगळ्या बाकड्यांवर विचारून झालं. पंधरा वर्षं लोक त्या वळणावर फोनवर बोलतात. कुणीच तसली बाई ऐकली नव्हती. फक्त एक म्हातारा दूधवाला खाली मान घालून म्हणाला, "मी ऐकली. माझी बहीण बोलत हुती तवा. ते आमचं शेवटचं बोलणं."

सुनीलनं ग्लास उचलले.

तर पोळ्याची रात्र.

प्रभुदास घाट चढत होता. दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून काढलेले. डोळे मिटत होते, म्हणून काच थोडी खाली केलेली. वळण समोर दिसलं तेवढ्यात फोन वाजला. मरिया.

"अहो, कळा सुरू झाल्या…"

आणि मधेच तो आवाज. तोच.

"बोलून घे बाबा. पुढं रेंज न्हाई."

त्यानं करकचून ब्रेक मारला. जीप जागेवर बंद पडली. वायपर मधेच थांबले. मला सांगताना म्हणाला, नाना, डोकं एकदम चालायला लागलं. दादांच्या वेळी मी वळलो. आता वळायचं नाही. मागं नाही, पुढं नाही. हा फोन कट होऊ द्यायचा नाही. शेवटचं बोलणं संपलंच नाही, तर ते शेवटचं कसं होईल?

"मरिया? मरिया, हाय का तू?"

नुसता पाऊस. मग…

"हाय."

"फोन ठेवू नको. काय बी झालं तरी ठेवू नको."

"न्हाई ठेवत."

आवाज थकलेला. त्याला वाटलं, कळांनी थकली असेल. तो बोलत सुटला. डॉक्टर आले का? पाणी घेतलंस का? ती एवढंच म्हणायची, "हं." मधेच म्हणायची, "बोल." त्यानं विचारलं, "लई दुखतंय का?" ती म्हणाली, "दमले."

त्यानं केळ्यांचं सांगितलं. लग्नात पाद्रीबाबांपुढं अंगठी हातातून निसटून बाकाखाली गेली होती, ते सांगितलं. कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. बाप गेला त्या रात्री "उद्या बोलू" म्हणाला, ते अजून छातीत अडकून बसलंय, हे सांगितलं. पलीकडून हुंकार यायचा. फोनला खरखर नाही, तुटणं नाही. घाटात इतका स्वच्छ आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

मधे एकदा त्यानं चावीला हात घातला. म्हणाला, "मी मागं फिरतो, तुझ्याकडंच येतो."

"नगं."

"मग आईला घेऊन येतो पटकन. वाडी ही काय पुढं…"

"नगं जाऊ. बोल."

तो बसला. बोलत राहिला. घसा सुकला. मान फोनवर वाकडी होऊन दुखायला लागली. किती वेळ झाला, ठाऊक नाही. खालच्या गावातले पोळ्याचे ढोल कधीच थांबले होते. त्या रस्त्यानं एक गाडी आली नाही, गेली नाही. बोलायचं संपत आलं, तेव्हा त्यानं विचारलं, "पोरगी झाली तर आपलं ठरलेलं नावच ठेवायचं ना?"

पलीकडं शांत.

"काय ठरलंय ते आठवतंय ना तुला?"

"…तूच सांग."

शॅरन. सहा महिन्यांपूर्वी नाव ठरलेलं होतं. मरियानंच ठरवलेलं. दिवसातून दहादा पोटाशी बोलताना ती ते नाव घ्यायची.

आता त्याच्या लक्षात येत होतं. मरिया त्याला कधी "तू" म्हणत नाही. "नगं" म्हणत नाही. ती संगमनेरात वाढलेली, नर्सचं शिकलेली पोरगी.

"कोन हाय?"

काही नाही.

"माझी मरिया कुठंय?"

नुसता श्वास. म्हाताऱ्या माणसाला चढ चढून लागतो, तसला.

मग अगदी हळू… "बोल रं बाबा. थांबू नगं."

मी त्याला विचारलं, मग तू फोन फेकला का नाहीस? जीप घेऊन पळाला का नाहीस? तो म्हणाला, नाना, मला भीती वाटली, पण फोन तुटला तर मरियाचं काय, ही भीती त्याहून मोठी होती. आणि खरं सांगू? ती इतकी दमलेली होती. कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून थांबलेली. मला फोन ठेववेना.

तो बोलला. कुणाशी, ते कळून बोलला. काय बोलला, ते मला नाही सांगितलं.

मग डोंगर हलला.

आधी बारीक खडे. पत्र्यावर पाऊस वाढल्यासारखे. मग जमिनीतून आवाज. मग समोर, वळणाच्या पलीकडं… सगळंच. झाडं, दगड, माती. अंधारात काही दिसत नव्हतं. फक्त वास आला. ओल्या मातीचा. आणि जीप थरथरली.

मग थांबलं.

फोनवर ती म्हणाली, "जा आता."

एवढंच.

त्यानं कानाचा फोन खाली घेतला. स्क्रीन काळी होती. बटण दाबलं. पेटली नाही. फोन कधीचा बंद होता, कुणाला माहीत.

उजाडेपर्यंत तो तिथंच बसला. उजाडल्यावर बघितलं. वळणापुढचा रस्ताच नव्हता. अर्धा डोंगर खाली आलेला. जीप एवढी पुढं गेली असती, तर… असो. वाडी सुखरूप होती, छबूबाई सुखरूप होती. फक्त पोचायला पुढं आठवडा लागला.

त्यानं जीप फिरवली. फाट्यावर सुनीलनं हात दाखवून थांबवला. म्हणाला, "कुठं हुतास? तुझ्या सासऱ्याचा माणूस पहाटेच येऊन गेला. फोन कुनाचाच लागंना. काल अंधार पडल्यावर टॉवरची लाईट गेली, आन् रात्रभर ह्या सगळ्या पट्ट्यात एक काडी रेंज न्हाई."

प्रभुदास जीपमधून उतरला नाही. चहा नको म्हणाला.

दवाखान्यात मरिया उशीला टेकून बसली होती. कुशीत मुलगी. दोघी ठणठणीत. त्याला बघून आधी रडली, मग चिडली. "अहो, कळा सुरू झाल्या एवढंच बोलले, तर फोन कट! नंतर रात्रभर लावते, लावते… तीच बाई. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. माझा जीव गेला असता ना काळजीनं."

तो पलंगाच्या कडेला बसला. मुलीचा हात बोटात धरला. आणि बसल्या बसल्याच झोपला. मरिया सांगते, दुपारपर्यंत हललाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, डुलकी लागली असेल. फोन कट झाला, घाबरून गाडी थांबवली, थकलेला माणूस, स्वप्न पडलं. मीही तेच म्हणालो. पस्तीस वर्षं मी रात्रीच्या गाड्या केल्यात. जागेपणी माणसाला काय काय दिसतं, मला माहीत आहे. तो वाद घालत बसला नाही. म्हणाला, "असंल नाना. तसंच असंल."

आणि मला हाताला धरून जीपपाशी घेऊन गेला.

त्यानं बोटानं दाखवत सांगितलं, त्या रात्री ड्रायव्हरच्या बाजूची काच तेवढी चार बोटं खाली होती. डावीकडची दारं लावलेली, काचा वर. वरचा टप, म्हणजे जीपचं छत, कुठं गळत नाही. ड्रायव्हरची सीट कोरडी होती. शेजारची सीट मात्र भिजलेली. सगळी नाही. पाठ टेकते तिथं. आणि माणूस बसतो तेवढीच. खाली रबरी मॅटवर पाणी साचलेलं.

त्यानं दुसऱ्या दिवशी सीट उन्हात काढून ठेवली. वाळली नाही. दिवाळीत कव्हर बदललं. फेब्रुवारीत आतला स्पंज बदलला. संगमनेरच्या कुशनवाल्यानं टप, दरवाजा, खालचा पत्रा, सगळं तपासलं. पाणी येतं कुठून, त्याला सापडलं नाही. आता प्रभुदास तिथं कुणाला बसवत नाही. सहा माणसं मागं कोंबतो, पण पुढची जागा रिकामी. लोक कुरकुरतात.

परवाच्या मंगळवारी मी त्याच्या जीपनं आलो. मे महिना. डांबर वितळतंय, असलं ऊन. मागं बसलो होतो. उतरताना मी पुढच्या खिडकीतून हात आत घातला आणि सीटवर टेकवला.

ओली होती, पोरांनो. आणि कोमट… नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.