तलावाकाठची उघडी पोती

औंढा नागनाथला खासगी गुप्तहेराचा धंदा चालणं अवघड, कारण औंढ्यात गुप्त असं काही राहतच नाही. तरीही जान्हवी सातपुते यांनी बसस्टँडसमोर पाटी लावली होती. देवळाबाहेरून गेलेल्या चपला आणि सोयरिकीच्या मुलांची चौकशी यावर त्यांचं बरं चाललं होतं. खालच्या मजल्यावर स्वानंदचं झेरॉक्सचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो वर येऊन तर्क करायचा. म्हणजे तो बहुतेक वरच असायचा.

त्या सोमवारी सकाळी रुख्मिणीबाई राठोड जिना चढून आल्या आणि स्वानंदच्या खुर्चीवर बसल्या.

"चिंचोडीच्या तांड्यावरून आले. आमच्या म्हशींवर आळ आलाय."

"चोरीचा?" उभं राहिलेल्या स्वानंदनं विचारलं.

"कचरा सांडल्याचा."

हकीकत अशी होती. चिंचोडीचे लोक दर रविवारी गावचा तलाव साफ करायचे. निघालेला कचरा पोत्यांत भरून, तोंडं बांधून बाभळीखाली ठेवायचे. सोमवारी ट्रॅक्टर येऊन पोती न्यायचा. आज सकाळी पोती उघडी सापडली, आणि कचरा काठभर.

"कमिटीचे लोक पैल्यापास्नंच म्हणून राहिले, म्हशींनी पाणी घाण होतं. आता म्हणे, आमच्या प्रेमदासनं राग काढला. संध्याकाळी ग्रामसभा हाय. काठाची वाट तारेनं बंद करणार. दुसरं पाणी पार डोंगराच्या पल्याड. मंग म्हशी विकून आमी काय झेरॉक्स काढत बसावं?"

स्वानंदला ते लागलं. जान्हवीबाईंनी स्कूटरची किल्ली उचलली.

तलाव सुरेख होता. काठ मात्र वेफरची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, दारूच्या बाटल्यांच्या काचा आणि कुणाच्या तरी अर्ध्या लेंग्यानं सजला होता. दोन कुत्री अजून त्यात काम करत होती. मध्ये एक मोठी पाटी होती : 'तलावात देवांचे फोटो टाकू नयेत. पाण्यात टाकलेला फोटो हा देव नसून काच व पुठ्ठा आहे. – अध्यक्ष, तलाव स्वच्छता समिती.'

रुख्मिणीबाईंचा मुलगा प्रेमदास म्हशी राखत लांब उभा होता. जवळ आला तर पुरावा होईल, अशी त्याला भीती होती.

जान्हवीबाईंनी एक पोतं उचललं. सुतळी कापलेली नव्हती. गाठ सोडवून, सुतळीची नीट गुंडी करून शेजारी ठेवलेली. सगळ्या पोत्यांचं तसंच.

"म्हशीला हे जमणार नाही," स्वानंद बराच विचार करून म्हणाला.

"आमची चंद्री फाटक उघडते," प्रेमदास लांबूनच म्हणाला. "पण गाठ न्हाई."

"प्रेमदास, काल तुम्ही होतात साफसफाईला?"

"व्हतो की. सगळ्यात खोल पाण्यात मीच उतरतो."

"पाण्यातून सगळ्यात जास्त काय निघालं?"

"देव, ताई. फ्रेमचे. फुटक्या काचेचे, रंग गेलेले. लोकाला कचऱ्यात टाकवत न्हाईत, मंग तलावात सोडतात. अध्यक्ष म्हणले, भरा पोत्यात. भरले."

जान्हवीबाई काठावरच्या कचऱ्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. पायात बूट असूनही जपून.

ट्रॅक्टरवाला कोंडीबा रागात होता, पण तो नेहमीच रागात असतो असं प्रेमदासनं सांगितलं.

"फुकटचं काम अन् वर चौकशी! मी काहून उघडू पोती? मलाच भरावी लागणार ना परत. तसं आता काम हलकंच हाय म्हणा. दिवाळीच्या आधी एक पोतं चढवायला दोन माणसं लागायची. आता एकटा फेकतो."

"लोकांमध्ये जागृती झाली," स्वानंद म्हणाला.

कोंडीबानं त्याच्याकडे बघितलं आणि ट्रॅक्टर चालू केला.

समितीचे अध्यक्ष विश्वंभर जोशी निवृत्त कारकून होते. गावच्या देवळाची पूजाही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरी. ते ओसरीवर मांडी घालून बसले होते. वर आलेल्या तळव्याला पट्टी होती.

"काय लागलं, काका?"

"सायकलचं पायडल. ते जाऊ द्या. प्रेमदास वाईट पोरगं नाही हो. पण लोक ऐकत नाहीत."

"तुम्ही सांगून बघितलं?"

विश्वंभररावांनी पट्टी उगाच सारखी केली.

ओसरीवर गाद्यांची वळकटी होती, धान्याची कोठी होती, शिलाई मशीन होतं. बसायला जेमतेम जागा. त्यांच्या पत्नी गंगूताई चहा घेऊन बाहेर आल्या आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.

"आत या म्हटलं असतं, पण पाहुणे आहेत. आल्यापासून हलायचं नाव नाही."

विश्वंभररावांना ठसका लागला. दारात चपलांचे दोन जोड होते, एक पुरुषी, एक बायकी. जान्हवीबाईंनी आणि स्वानंदनं आपले बूट त्यांच्या शेजारी काढले होते.

परतताना स्वानंद म्हणाला, "कोंडीबाच! रागीट माणूस."

"रागीट माणूस गाठी सोडवत बसतो का?"

संध्याकाळी देवळासमोर ग्रामसभा भरली. तारेचं भेंडोळं आधीच आणून ठेवलं होतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तांडा. जान्हवीबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"तुम्ही सगळे विचारताय, कचरा कुणी सांडला. तो कुत्र्यांनी सांडला. पोती उघडणाऱ्याला सांडायचं नव्हतंच. त्यानं गाठी सोडवल्या, सुतळ्या गुंडाळल्या. त्याला पोती परत बांधायची होती. मग त्यानं उघडली कशाला? काहीतरी काढून घ्यायला. मी सगळा कचरा बघितला. काल भरलेल्या देवांपैकी एकही फ्रेम तिथं नाही."

सभेत कुजबुज झाली.

"हे कालच झालं नाही. काचेच्या फ्रेम जड असतात, आणि कोंडीबांची पोती दिवाळीपासून हलकी झालीत. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी देव काढून पोती पुन्हा बांधत होतं. आज मात्र घाईत निघून जावं लागलं. का? त्या काठावर काचा आहेत. साफसफाईला सगळे बूट घालून येतात. पण देव हातात घेताना पायात काही ठेवायचं नाही, असं ज्याच्या हाडात मुरलंय, तो तिथंही अनवाणी फिरतो, आणि एखाद्या दिवशी काच लागते. सायकलचं पायडल नडगीला लागतं. तळव्याला नाही."

सगळ्यांचे डोळे एका पायाकडे गेले.

"राहता राहिला प्रश्न, देव गेले कुठं. तलावात परत नाहीत, हा माणूस तलावाला जपतो. मग घरात. इतके, की गाद्या आणि धान्याची कोठी ओसरीवर आली. आत पाहुणे आहेत म्हणतात, पण दारात घरच्या दोघांशिवाय कुणाच्या चपला नाहीत."

विश्वंभरराव उठले.

"पाटी मीच लिहिली. काच आणि पुठ्ठा. लोकांना शिकवलं, मलाच मात्र पटेना. कसं सांगणार? आणि आज प्रेमदासचं नाव आलं तेव्हाही तोंड उघडलं नाही. माझं चुकलं, रुख्मिणीबाई."

"पलंगावर नागनाथ आहेत," गंगूताई मागून म्हणाल्या. "पलंगाखाली तीन दत्त. मी झोपायचं कुठं?"

तार आली तशी ट्रॅक्टरमध्ये परत गेली. वाट उघडी राहिली. सरपंच म्हणाले, ज्याचा देव त्यानं न्यावा. मग तासभर देव बाहेर येत राहिले. देवळाचा ओटा भरला, पायऱ्या भरल्या. सगळं गाव रांगेनं बघून गेलं. कुणीही आपला ओळखला नाही. गावातल्या गावात इतके अनोळखी देव कुणी पाहिले नव्हते.

शेवटी रुख्मिणीबाई पुढं झाल्या. ओट्याच्या कोपऱ्यातल्या एका तुळजाभवानीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही आमची. चौकट मोडली तवा मीच रातच्याला सोडली. प्रेमदासलाबी ठावं न्हाई."

प्रेमदासनं कपाळावर हात मारला. गर्दीत कुणीतरी हसलं, मग हसणाराच हळूच पुढं येऊन एक गणपती न्याहाळू लागला. त्याच्या मागून आणखी दोघं सरकले.

विश्वंभररावांनी रुख्मिणीबाईंना हात जोडले.

"हात काहून जोडता, भाऊ? मला म्हशी हाकायच्यात. धरा हिला."

आणि काठाच्या वाटेनं तांड्याकडे म्हशी निघाल्या, मागं काठी घेऊन रुख्मिणीबाई, आणि त्यांच्या मागं, छातीशी भवानी धरून, अनवाणी लंगडत, स्वच्छता समितीचे अध्यक्ष.